मूळ 'कुंकू' घरी कधी बघायला मिळणार? (जुन्या चित्रपटांच्या अस्सल प्रतींसाठी धागा)

पेरूगेट

मागच्या शनिवारी आईला 'कुंकू' लावून दिला. ती ८२ वर्षांची आहे. लहानपणी आजीबरोबर थिएटरात आणि पुढे दूरदर्शनवर तिनं तो दोन-तीनदा बघितलेला. मी हौसेनं एका कंपनीची डिस्क विकत आणली होती. वेष्टनावर ठळक अक्षरांत 'नव्याने स्वच्छ केलेली प्रत' असं छापलेलं. दहा-पंधरा मिनिटं झाली असतील, आई म्हणाली, "घड्याळ बंद पडलंय का रे?" मी भिंतीकडे बघितलं. आमचं घड्याळ चालू होतं. ती पडद्यावरच्या घड्याळाबद्दल विचारत होती. लंबक हलत होता आणि टिकटिक ऐकू येत नव्हती.

ज्यांनी 'कुंकू' बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९३७ साली शांतारामबापूंनी प्रभात फिल्म कंपनीत केलेला हा चित्रपट, ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट'वरून. काकासाहेब या म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा आणि तिचा ठाम नकार. शांता आपटे आणि केशवराव दाते. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. चुकून राहून गेलेलं नाही, मुद्दामच वगळलेलं आहे. पावलांचा, दारांचा, घड्याळाचा आवाज, एवढ्यावर प्रसंग उभे राहतात. काकासाहेबांच्या घरातलं ते घड्याळ म्हणजे त्यांचं उतरतं वयच आहे. ते मुकं झालं की दाते नुसते खोलीत फेऱ्या मारताना दिसतात, त्यांची धास्ती कळत नाही.

त्यातच चित्र वरून-खालून कापलेलं. सुरुवातीला प्रभातच्या बोधचिन्हातली तुतारीवाली येते ना, तिच्या तुतारीचं तोंडच चौकटीबाहेर! त्या काळातल्या चित्रपटांची चौकट जवळजवळ चौरस असायची, रुंदी उंचीच्या १.३७ पट. आजचा टीव्ही १.७८ पट. कडेला काळे पट्टे दिसू नयेत म्हणून कुणीतरी चित्र ताणून मोठं केलं आणि साधारण २३ टक्के भाग वर-खाली फेकून दिला. म्हणजे जवळपास पाव चित्रपट गेला. वर डाव्या कोपऱ्यात कंपनीचं बोधचिन्ह, शेवटपर्यंत.

माझी मागणी फार नाही. जशी चौकट होती तशी चौकट, जेवढी लांबी होती तेवढी लांबी, कृष्णधवल असेल तर कृष्णधवल आणि आवाज त्या काळी ऐकू आला तसा. घरात ठेवता येईल अशी डिस्क, किंवा विकत घेऊन उतरवून ठेवता येईल अशी फाइल. कुणाला अशा चांगल्या प्रती माहीत आहेत का? आणि नसतील तर आपण मागायच्या कुणाकडे? प्रभातपुरतंच बोलायला हवं असं नाही. ज्याचा जो आवडता चित्रपट असेल त्याबद्दल लिहा.

हिरवा_चाफा

आईंच्या प्रश्नानं पोटात कालवलं. माझ्या बाबांचं असंच झालं होतं 'मुघल-ए-आझम'च्या बाबतीत. ते मराठा मंदिरात बघितलेल्यांपैकी, १९६० साली. २००४ च्या दिवाळीत रंगीत होऊन आला तेव्हा आम्ही भावंडं त्यांना मोठ्या थाटात घेऊन गेलो. मध्यंतरात ते गप्प होते. घरी आल्यावर म्हणाले, "शीशमहालात काही झालंच नाही." मला तेव्हा कळलं नाही. मूळ चित्रपट बहुतेक सगळा कृष्णधवल आहे. शीशमहालातलं गाणं आणि शेवटची काही रिळं तेवढी रंगीत. म्हणजे तासन्‌तास काळं-पांढरं बघून डोळे सरावलेले आणि अचानक आरशा-आरशांत लाल-हिरवा-सोनेरी रंग उसळतो. आधीपासूनच सगळं रंगवलं तर तो धक्का कुठून बसणार? शिवाय १९७ मिनिटांचा चित्रपट रंगीत आवृत्तीत १७७ मिनिटांचा झाला. २० मिनिटं कापली.

मला माझ्या बाबांनी बघितलेला चित्रपट बघायचाय.

मधली_सुट्टी

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. माझ्या मुलीनं 'मुघल-ए-आझम' रंगीत होता म्हणूनच बघितला. काळा-पांढरा लावला की ती दोन मिनिटांत उठते. रंगीत बघून तिला मधुबाला कळली, तिनं स्वतःहून आणखी जुने चित्रपट शोधले. आणि दिग्दर्शक के. आसिफना स्वतःलाच पुढे सगळा चित्रपट रंगीत करायचा होता. रंगीत रिळं इतकी आवडली की पुन्हा चित्रीकरण करायची त्यांची तयारी होती, वितरकांचा धीर सुटला म्हणून राहिलं. मग रंगीत आवृत्ती ही त्यांच्या इच्छेविरुद्ध आहे असं तरी कसं म्हणायचं?

हिरवा_चाफा

@मधली_सुट्टी, राग कसला. रंगीत आवृत्ती नष्ट करा असं मी म्हणत नाही. तुमच्या मुलीला ती भेटली हे चांगलंच झालं. पण आसिफ यांनी पुन्हा चित्रीकरण केलं असतं तर प्रकाशयोजना रंगांसाठी केली असती, कपडे रंगांसाठी निवडले असते. छायाचित्रकार आर. डी. माथुर यांनी जे टिपलं ते करड्या छटांच्या हिशेबानं टिपलं. दिलीपकुमार मधुबालाच्या चेहऱ्यावरून पीस फिरवतो त्या प्रसंगात तिच्या गालावरची सावली बघा, मग त्याच प्रसंगाची रंगीत चौकट बघा. सावलीच्या जागी सपाट गुलाबी थर आहे. दोन्ही आवृत्त्या दुकानात शेजारी शेजारी असाव्यात, ज्याला जी हवी ती त्यानं घ्यावी.

ऑपरेटर_सांगली

नमस्कार. मी १९७४ ते १९९९ ऑपरेटर होतो. आधी तंबूत, मग पक्क्या थिएटरात. 'मूळ प्रत' म्हणताय म्हणून चार गोष्टी सांगतो.

प्रिंट पेटीतून यायची तेव्हाच ती किती गावं फिरून आलीय ते रिळाच्या कडेवरून कळायचं. छिद्रं फाटलेली, जागोजाग जोड. फिल्म तुटली की दोन्ही टोकं सरळ कापायची, खरवडायची, सिमेंट लावून दाबून धरायची. प्रत्येक जोडात एक-दोन चौकटी जायच्याच. दहा गावांत दहादा तुटली की तिथं वाक्य अर्धं व्हायचं. त्यातून मालक सांगायचे, शेवटची एसटी साडेबाराला आहे, गाणं काढ. रीळ संपायच्या आतलं गाणं काढायला सोपं. काढलेला तुकडा पेटीत परत ठेवायचा असा नियम, पण सगळे पाळत नव्हते. त्यामुळे सांगलीत दिसलेला चित्रपट मिरजेत दिसलेल्यासारखा असेलच असं नाही.

चौकटीचं म्हणाल तर माझ्या हातूनही चूक झालीय. पुढे पुढे रुंद पडदे आले, प्रोजेक्टरच्या गेटमध्ये रुंद चित्रपटाची पट्टी बसवलेली असायची. जुना चौकोनी चित्रपट आला की पट्टी आणि लेन्स दोन्ही बदलायला हवी. एकदा लेन्स नव्हतीच. तशीच रुंद पट्टी ठेवून खेळ केला. अख्खा तास नायिकेचं कपाळ पडद्याबाहेर. एक म्हातारे गृहस्थ केबिनपर्यंत जिना चढून आले आणि म्हणाले, "तिचं कुंकू दिसत नाहीये हो." मला आजही तो जिन्यातला माणूस आठवतो. कुठला चित्रपट ते आता आठवत नाही, पण धाग्याचं नाव वाचलं आणि लिहायला बसलो.

पेरूगेट

काका, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. अजून लिहा.

स्कॅनर

मी मुंबईत जुन्या फिल्म स्कॅन करण्याच्या कामात आहे. घड्याळाचं काय झालं असेल ते मला माहीत आहे, त्यामुळे तेवढं नीट सांगतो.

जुन्या फिल्मवर आवाज चित्राच्या शेजारी एका बारीक पट्टीत प्रकाशाच्या रूपात छापलेला असतो. त्या पट्टीवर ओरखडा किंवा धूळ आली की वाजताना 'टिक्' होतं. हे काढायला सॉफ्टवेअर आहे. क्षणभराचा तीक्ष्ण आवाज दिसला की ते पुसून टाकतं. आता घड्याळाची टिकटिक म्हणजे काय? क्षणभराचा तीक्ष्ण आवाज! माणसानं कान देऊन बघितलं नाही तर यंत्र बिचारं घड्याळालाच ओरखडा समजतं. चित्राचंही तसंच. धूळ काढणारं सॉफ्टवेअर पावसाचे थेंब काढतं, आगीच्या ठिणग्या काढतं. फिल्मचे जिवंत कण घालवले की चेहरे मेणाचे होतात, भुवया पुसट होतात.

म्हणून नीट काम करायचं तर हाताने करावं लागतं. अडीच तासांचा चित्रपट म्हणजे २,१६,००० चौकटी. एका माणसानं दिवसाला काही शे चौकटी नीट बघितल्या तरी खूप झालं. स्वस्तात 'स्वच्छ' केलेल्या डिस्कवर सगळं यंत्रावर सोडलेलं असतं, आणि त्यात कंपनीला वाटतं की लोकांना चकचकीतच हवंय. कुणी टिकटिक मागायला येतच नाही. तुम्ही मागताय हे वाचून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

दुसरी गोष्ट मुळाची. स्कॅनर कितीही भारी असो, हातात येतं काय? निगेटिव्ह मिळाली तर उत्तम. नाही तर तिच्यावरून काढलेली मधली प्रत. तीही नाही तर थिएटरात फिरून आलेली प्रिंट, काकांनी सांगितली तशी. पेटी उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला की समजायचं, फिल्म आतून कुजायला लागलीय. ती आकसते, वाकते, मग गेटमधून जातच नाही.

पेरूगेट

आणि प्रभातच्या बाबतीत मुळावरच घाव बसलाय. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट रिळांच्या गोदामाला आग लागली. फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, म्हणजे जिथं प्रभातचा स्टुडिओ होता त्याच जागेत. नायट्रेट फिल्म एकदा पेटली की पाण्यानंही विझत नाही. प्रभातच्या कितीतरी मूळ प्रती त्यात गेल्या. सुरक्षित फिल्मवर आधी उतरवून ठेवलेल्या प्रती होत्या म्हणून चित्रपट वाचले, पण पहिल्या पिढीचा तो तजेला गेला तो गेलाच. मी तेव्हा लॉ कॉलेज रस्त्यावरून रोज जायचो. आज जे उरलंय ते त्याहून खाली जाऊ नये, एवढ्यासाठी तरी घाई करायला हवी.

न्यूजर्सीकर

इकडचा अनुभव. 'स्टार वॉर्स' १९७७ साली जसा लागला तसा बघायला इकडचे लोक अनेक वर्षं झगडतायत. जॉर्ज ल्यूकस यांनी १९९७ साली त्यात नवी दृश्यं, संगणकावर केलेले प्राणी घातले आणि पुढे प्रत्येक आवृत्तीत आणखी बदल केले. २००६ साली मूळ आवृत्ती डीव्हीडीवर दिली खरी, पण जोडीची डिस्क म्हणून, तीही १९९३ च्या लेझरडिस्कसाठी केलेल्या जुन्या प्रतीवरून. शेवटी चाहत्यांनी थिएटरातल्या ३५ एमएम प्रिंटा गोळा केल्या आणि स्वतः स्कॅन केल्या. काही जणांनी वर्षानुवर्षं संध्याकाळी नोकरीवरून आल्यावर एकेक चौकट साफ केली.

मला त्याहून जवळचं उदाहरण वाटतं ते सत्यजित राय यांच्या अपूवरच्या तीन चित्रपटांचं. १९९३ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेला आग लागली, तिन्ही चित्रपटांच्या निगेटिव्ह जळाल्या, करपलेली रिळं उरली. इटलीतल्या बोलोन्याच्या लोकांनी त्या करपलेल्या फिल्ममध्ये पुन्हा ओलावा आणून, सोडवून, जेवढ्या चौकटी वाचल्या तेवढ्या स्कॅन केल्या. जिथं नव्हत्या तिथं दुसऱ्या प्रतींतून जोडल्या. २०१५ साली हे पूर्ण झालं आणि क्रायटेरियन या कंपनीनं ते घरच्या डिस्कवर काढलं. माझ्या कपाटात आहे. बंगाली मित्र आले की ते हात लावून बघतात. त्याच फळीवर 'संत तुकाराम' हवा, असं मला कितीदा वाटलंय. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झालेला चित्रपट आहे तो. परदेशी मित्राला दाखवायचा तर मी त्याला काय पाठवू? खालची अक्षरं चुकलेली, तुकाराम झालेल्या पागनीसांचं डोकं कापलेली यूट्यूबची फीत?

पायपेटी

आवाजावरून एक वेगळाच मुद्दा. माझ्याकडे एका जुन्या संगीतप्रधान चित्रपटाची डिस्क आहे. वेष्टनावर अडीच तास लिहिलंय आणि डिस्कवर भरतात २ तास २४ मिनिटं. मी वर्षभर समजत होतो की सहा मिनिटं कापलीत. एकेक प्रसंग पडताळला, काहीच कापलेलं नाही! मग गाणं पेटीवर वाजवायला बसलो तेव्हा उलगडलं. तबकडीवर तेच गाणं पांढरी चारमध्ये आहे, डिस्कवर ते काळी तीनच्या जवळ सरकलेलं.

फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी पळते. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी ती २५ नं पळवतात. चार टक्के जास्त वेग. त्यामुळे चित्रपट थोडा आधी संपतो आणि सूर जवळपास पाऊण पट्टी वर चढतो. बायकांचे आवाज किंचित बारीक, पुरुषांचे हलके. सवय झाली की कळत नाही, पण ज्यानं ते गाणं तबकडीवर ऐकून गळ्यात बसवलंय त्याला टोचतं. १९५२ साली कानला 'अमर भूपाळी'चं ध्वनिमुद्रण गौरवलं गेलं. होनाजीची भूपाळी चढ्या पट्टीत आणि घाईत ऐकवली तर त्या गौरवाला अर्थ काय राहिला? आता २४ चौकटी जशाच्या तशा दाखवणाऱ्या डिस्क आणि फायली सहज करता येतात. फक्त जुन्याच टेपवरून नवी डिस्क छापायची सवय सोडायला हवी.

हिरवा_चाफा

@पायपेटी, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. म्हणूनच आईच्या आवडीची गाणी मला चित्रपटात 'घाईत' वाटायची!

मधली_सुट्टी

'शोले'वर कुणीच बोललं नाही? तिथं तर मूळ म्हणजे कुठलं हाच प्रश्न आहे. शेवट दोन. सिप्पींनी चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला मारतो. आणीबाणीचा काळ, सेन्सॉरला ते चाललं नाही, मग पोलीस येऊन गब्बरला नेतात असा शेवट पुन्हा चित्रित केला. १५ ऑगस्ट १९७५ ला लोकांनी बघितला तो हा दुसरा. मी म्हणतो मूळ म्हणजे दिग्दर्शकानं केला तो.

ऑपरेटर_सांगली

मी नाही म्हणतो. मी तो चित्रपट किती वेळा चालवला ते मोजलेलं नाही. माझ्या लोकांनी पोलीस आलेले बघितले, त्यांच्या आठवणीत तेच आहे. त्यांच्यासाठी मूळ ते. आमच्याकडे ७० एमएम नव्हता, ३५ ची प्रिंट आणि एकाच भोंग्यातून आवाज. तरी नाणं उडवलं की बाकावरची माणसं मान वर करायची.

मधली_सुट्टी

पण काका, सेन्सॉरनं जबरदस्तीनं बदलायला लावलेलं मूळ कसं? 'स्टार वॉर्स'मध्ये दिग्दर्शकानंच नंतर बदललं, म्हणून लोक आधीचं मागतात. इथं सरकारनं बदलायला लावलं. दोन्ही एका मापानं मोजता येणार नाही.

स्कॅनर

दोघांचंही बरोबर आहे असं मला वाटतं, आणि तांत्रिकदृष्ट्या भांडायचं कारणच नाही. एका डिस्कवर दोन्ही शेवट बसतात, बघणाऱ्यानं निवडायचं. २०२५ साली बोलोन्यात, पियाझा माजोरेच्या उघड्या चौकात, जी नवी प्रत दाखवली गेली ती फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि सिप्पी फिल्म्स यांनी मिळून केली. तिच्यात पहिला शेवट आणि गाळलेली दोन दृश्यं परत आली. मूळ निगेटिव्ह पार खराब झालेली, ७० एमएमची एकही प्रिंट उरलेली नाही. इंग्लंडमधल्या गोदामात मधल्या प्रती सापडल्या म्हणून हे होऊ शकलं. चौकटही मूळ २.२ ची ठेवलीय. आपण घरी ज्या जुन्या चौकोनी कॅसेटी आणि डिस्का बघत मोठे झालो त्यांत बाजूचं ४० टक्के चित्र गेलेलं होतं. त्यामुळे दोघं घोड्यावर असले की एकच दिसायचा.

एक मराठी धागाही आहे यात. माधव शिंद्यांचं संकलन. त्या वर्षी 'शोले'ला फिल्मफेअर मिळालं ते एकच, शिंद्यांना. आगगाडीचा दरोडा पनवेलजवळ मुंबई-पुणे मार्गावर सात आठवडे चित्रित होत होता. शिंद्यांनी जुळवलेला तो प्रसंग कापलेल्या चौकटीत बघणं म्हणजे त्यांचं काम अर्धंच बघणं.

ऑपरेटर_सांगली

दोन्ही शेवट असतील तर माझी हरकत नाही. फक्त पहिल्यांदा लावल्यावर १९७५ चा लागू दे.

दिवाणी

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे 'कुंकू'चा केव्हाच संपला. ज्यांची ही मुदत उलटली ते सगळे आता खुले आहेत. म्हणूनच यूट्यूबवर एकाच चित्रपटाच्या वीस-वीस फिती दिसतात, प्रत्येकीवर वेगळं बोधचिन्ह. पण हक्क खुला झाला म्हणजे चांगली प्रत खुली झाली असं नाही. चांगली रिळं ज्याच्या ताब्यात आहेत त्यानं ती स्कॅनला दिली तरच. कोर्टात जाऊन हा प्रश्न सुटणार नाही. ताबेदार, संग्रहालय आणि पैसे देणारे अशा तिघांना एका टेबलावर बसवावं लागेल.

न्यूजर्सीकर

पैशांचं बोलू या मग. 'मंथन' आठवा. गुजरातच्या ५ लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून १९७६ साली काढलेला चित्रपट, २०२४ साली दुरुस्त होऊन कानला गेला. स्मिता पाटील त्या प्रतीत कशी दिसते ते एकदा बघाच. आपण इथले शंभर-दोनशे लोक डिस्क निघण्याआधीच पैसे भरायला तयार आहोत, असं कुणी विचारलं तर दाखवता आलं पाहिजे. मी पाच प्रती घेईन. इथं दर वर्षी मंडळाच्या गणपतीत जुना मराठी चित्रपट दाखवतो, दर वर्षी फाइल शोधताना रडू येतं.

पेरूगेट

मी तीन.

पायपेटी

दोन. २४ चौकटींत असेल तर चार.

हिरवा_चाफा

एक. आणि खाली अक्षरं मराठीतसुद्धा द्या म्हणावं. माझ्या सासूबाईंना आता कमी ऐकू येतं. त्या संवाद वाचून बघतात, पण मराठी चित्रपटाला खाली इंग्रजी अक्षरं असतात, ती त्यांना येत नाहीत.

दिवाणी

@हिरवा_चाफा, हे मागण्यांत पहिलं लिहा. पत्राचा मसुदा मी करतो. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) आहे आणि राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियान त्यांच्याचकडे आहे. ५९७ कोटींचं अभियान आहे. त्यातून जे दुरुस्त होतंय ते महोत्सवात एकदा दाखवून कपाटात जाऊ नये, घरापर्यंत यावं, एवढंच स्पष्ट मागायचं. चौकट, वेग, लांबी, आवाज, सगळं मुद्देसूद लिहू. @स्कॅनर, तुम्ही तांत्रिक भाग बघून द्या.

स्कॅनर

देतो. एक ओळ माझ्याकडून घाला: दुरुस्त न केलेला कच्चा आवाजही डिस्कवर दुसऱ्या पर्यायात ठेवावा. म्हणजे आमच्या हातून एखादी टिकटिक पुसली गेलीच, तर ऐकणाऱ्याला ती परत मिळेल.

ऑपरेटर_सांगली

पेरूगेट, एक विचारायचं राहिलं. आमच्या थिएटरच्या मालकांनी सुरुवातीच्या काळात व्हीसीआर घेतला होता. दूरदर्शनवरचे प्रभातचे चित्रपट ते टेप करायचे. त्यांच्या पश्चात कॅसेटींचं खोकं माझ्याकडे आलं. त्यात 'कुंकू' आहे. बुरशी आलीय थोडी. पाठवू का?

पेरूगेट

काका, काय विचारता! पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवला आहे.

पेरूगेट

(तीन आठवड्यांनी) कॅसेट आली. काकांनी ती जुन्या धोतरात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात पाठवली होती. @स्कॅनर यांनी सांगितलं तसं, लावण्याआधी कवच उघडून टेप हातानं फिरवत पुसून घेतली, दोन संध्याकाळी गेल्या. चित्र धूसर आहे, कडांना हिरवट झाक, एके ठिकाणी व्यत्ययाची पाटी आणि त्यात मिनिटभराचा प्रसंग गेलेला. पण चौकट पूर्ण आहे. तुतारी पूर्ण आहे.

काल आईला लावून दिला. घड्याळाचा प्रसंग आला तेव्हा खरखर खूप होती, मला वाटलं गेलं. आई म्हणाली, "पंखा बंद कर." पंखा बंद केला. खरखरीच्या आतून टिकटिक येत होती. तिनं मला आवाज वाढवू दिला नाही, खुर्ची पुढे ओढून घेतली आणि तशीच बसली.

फाइल करून ठेवली आहे, काकांना पेनड्राइव्ह आणि कॅसेट दोन्ही सोमवारी कुरियर करतोय. @दिवाणी, मसुद्यात माझं नाव घाला. आईचंही घाला, ती सही करणार आहे.